एक्केचाळीस सेकंदांचा हशा

निर्माती मुलीने भिंतीवरच्या पडद्यावर नऊ रंगीत खांब उभे केले आणि म्हणाली, "बघा ताई. आता कुणी भांडायला नको. अगदी शास्त्रशुद्ध आहे."

हशाताईंनी चष्मा पुसला, परत लावला आणि खांब खरोखर नऊच आहेत याची खात्री करून घेतली. जुन्या विनोदी मालिकांमधल्या नऊ नट्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर एकेक आकडा. वाहिनीला पन्नास वर्षं पुरी होत होती, त्यानिमित्त शनिवारी दुपारी कार्यक्रम होता, आणि जुन्या काळातली सगळ्यात मोठी विनोदी नटी कोण याचा त्यात सोक्षमोक्ष लागायचा होता. त्यासाठी या मुलीने तळघरातल्या दोनशे बारा फिती संगणकात घातल्या होत्या आणि हशा मोजला होता. कुणाच्या वाक्यावर लोक किती सेकंद हसले, किती जोरात हसले, सगळं आलेखात.

"तुम्ही कॅमेऱ्यासमोर फक्त दोन वाक्यं बोलायची," मुलगी म्हणाली. "की हे मोजमाप बरोबर आहे. त्या काळातल्या ध्वनीविभागातल्या आता तुम्हीच उरलात ना."

उरलात, म्हणे. हशाताईंना हा शब्द मुळीच आवडला नाही, पण मुलगी कामाची होती आणि चहा चांगला पाजत होती, म्हणून त्यांनी तो सोडून दिला.

हशाताई हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. याच इमारतीत त्यांनी एकतीस वर्षं नोकरी केली आणि एकतीस वर्षं त्यांच्याकडे एकच खातं होतं, ते म्हणजे हशा. मालिकेचं चित्रीकरण एकशेवीस प्रेक्षकांसमोर व्हायचं. प्रेक्षकांच्या डोक्यावर छताला माइक टांगलेले असायचे आणि ते नुसतं हसणं टिपायचे. मग ते रीळ हशाताईंच्या टेबलावर यायचं. लोक वाक्य बुडेपर्यंत हसले असतील तिथे त्या कात्री लावायच्या, आणि हसायला हवं होतं पण हसले नाहीत तिथे आपल्या कपाटातला हशा जोडायच्या. कपाटात डबे होते आणि डब्यांवर त्यांच्याच अक्षरातल्या चिठ्ठ्या: 'फुसकन', 'गडगडाट', 'फक्त बायका', 'उशिरा कळलं', 'कळलं नाही पण शेजारचा हसला म्हणून'. आईने शेवटपर्यंत पाहुण्यांना "ती टीव्हीत असते" एवढंच सांगितलं. हसवायचं काम करते म्हणावं, तर लोक म्हणायचे मग हसवून दाखव, आणि हशाताईंना साधी कोटी जमायची नाही.

त्या कामावर स्वतः कधी हसल्याही नाहीत. काचेमागच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसायचं आणि हशा सुरू झाला की मांडीवर बोट आपटून सेकंद मोजायचे. हसणाऱ्याचा आकडा चुकतो. एकतीस वर्षांत त्यांचा आकडा कधी चुकला नव्हता.

"अगं वेडे," आता त्या म्हणाल्या, "हे नंबर तू नट्यांना नाही दिलेस. मला दिलेस."

"म्हणजे?"

"म्हणजे यातला निम्मा हशा माझ्या कपाटातला आहे. कुठे पाव, कुठे पाऊण. मोजून मोजून तू माझी शिलाई मोजलीस."

मुलीचा चेहरा पडला. "म्हणजे खोटा?"

"खोटा कशाला? माणसंच हसली होती, यंत्रं नव्हे. फक्त दुसऱ्या कशाला तरी हसली होती."

मुलीने थोडा विचार केला. हुशार होती, हरायची नव्हती. "पण ताई, दोनशे बारा भाग आहेत. उसना हशा सगळ्यांनाच थोडाथोडा मिळाला असेल ना? मग सरासरीत फरक नाही पडत. आणि नाहीतर तुम्ही सांगा, कोण सगळ्यात मोठी?"

हा प्रश्न हशाताईंना एकतीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. वर्तमानपत्रवाले लेखकाला विचारायचे, दिग्दर्शकाला विचारायचे, एकदा तर गाडीच्या चालकालाही विचारलं होतं. त्या खुर्चीत नीट सरकून बसल्या.

"पाचही बोटं सारखी नसतात," त्या म्हणाल्या. "ही तुझी पहिली, राणीसाहेब. हिच्याकडे चेहरा होता. भुवई उचलली की वाक्यापूर्वीच हशा यायचा आणि त्या हशावर ती झोका घ्यायची. पण समोर माणसं लागायची तिला. माणसं नसली की विझायची. ही दुसरी, मुख्याध्यापिका झालेली. हिचा आवाज! अशी सुटायची की लोक हसायला तोंड उघडेपर्यंत पुढचे तीन विनोद होऊन जायचे. वाढलेल्या ताटावरून उठवायची बाई लोकांना. हिच्यासाठी मला उलटं करावं लागायचं, दोन वाक्यांमध्ये जागा करून द्यावी लागायची. ही चौथी, धडपडी. साठ भागांत त्याच सात पायऱ्यांवरून पडली आणि दोनदा सारखी पडली नाही. मोठी कला आहे ती, हसू नकोस. पण पडून झाल्यावर काय करायचं ते तिला ठाऊक नव्हतं. चौथ्यांदा पडली की मला डबा उघडावा लागायचा."

"आणि ही शेवटची?" मुलीने नवव्या खांबाकडे बोट दाखवलं. खांब कसला, खुंटी होती ती. "शेजारीण. हिचं तर सगळ्यात कमी आहे. यादीत घेतली हीच चूक झाली असं वाटतंय."

हशाताई पहिल्या खांबाच्या टोकाकडे बघत होत्या. तिथे लाल अक्षरांत लिहिलं होतं: सर्वाधिक लांब हशा, राणीसाहेब, आरशाचा प्रसंग, एक्केचाळीस सेकंद.

"हिला डबा कधी लागला नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "ही थांबायची. उद्या बघू तुझी दोन वाक्यं."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. जिना उतरताना हशाताईंना वाटत होतं की तो लाल आकडा पाठीवर चिकटून सगळ्यांना दिसतोय.

गोष्ट बेचाळीस वर्षांपूर्वीची. राणीसाहेब घरमालकीण असलेल्या मालिकेत शेजारीण दर आठवड्याला तीन मिनिटं यायची आणि काहीतरी उसनं मागून जायची. त्या भागात घरातलं गजराचं घड्याळ हरवलेलं असतं आणि सगळं घर ते शोधत असतं. शेजारीण वाटी घेऊन साखर मागायला येते आणि तिच्या पिशवीतून गजर वाजायला लागतो. लेखकाने पुढे लिहिलं होतं की ती दचकते, पिशवी लपवते आणि पळते. शेजारीण पळाली नाही. वाटी पुढे धरून उभी राहिली आणि बाकीच्यांसारखीच ऐकू लागली, हा आवाज येतोय तरी कुठून. भिंतीकडे बघितलं. छताकडे बघितलं. मग घरमालकाच्या खिशाकडे बघितलं, आणि जरा नाराज झाली. गजर पूर्ण वाजून थांबेपर्यंत तिने हूं का चूं केलं नाही. थांबल्यावर म्हणाली, "तुमच्याकडे कुणीतरी उठायचं राहिलंय वाटतं."

एकशेवीस माणसं एक्केचाळीस सेकंद हसली. हशाताईंच्या मांडीवर बोटाचा वळ उठला. तिसाव्या सेकंदाला पिशवीतल्या घड्याळाने उरलीसुरली एक 'ट्रिंग' केली आणि ओसरत आलेला हशा परत चढला. तिसऱ्या रांगेतला एक माणूस "बास, बास" म्हणत विव्हळत होता. शेजारीण वाटी धरून उभी. पापणी हलवली नाही बाईने.

त्याच भागात राणीसाहेबांचा आरशाचा प्रसंग होता. नवऱ्याचा कोट अंगात घालून आरशासमोर त्याची नक्कल करायची. त्या दिवशी त्यांना सणकून ताप होता, म्हणून तो प्रसंग दोन दिवसांनी रिकाम्या खुर्च्यांसमोर उरकला. काम बरं झालं होतं, पण हशा नाही. दिग्दर्शक टेबलाशी येऊन म्हणाले, "मोठ्यातला मोठा हशा लाव इथे. मालिका राणीसाहेबांच्या नावावर चालते. आणि एका भागात दोन मोठे नकोत, तीन मिनिटांच्या बाईला काय करायचाय एवढा? तिला साधा लाव."

हशाताई तेव्हा सव्वीस वर्षांच्या होत्या. त्यांनी शेजारणीचा हशा काढून राणीसाहेबांना घातला आणि शेजारणीला 'फुसकन'च्या डब्यातला तीन सेकंदांचा दिला. जोड इतका बेमालूम बसला की दिग्दर्शकांनाही शोधून सापडला नाही. 'ट्रिंग' मात्र पूर्ण निघाली नाही, हशाखाली बारीकशी राहिली. पुढे लोक म्हणू लागले की कुणाच्या तरी हातून हसता हसता किल्ल्या पडल्या. आणि "बास, बास"ची तर दंतकथाच झाली. राणीसाहेबांनी प्रेक्षकाला हात जोडायला लावले, म्हणे. आयत्या बिळावर नागोबा, पण नागोबाला बिचाऱ्याला ते माहीतही नव्हतं. राणीसाहेब मरेपर्यंत समजत होत्या की दिग्दर्शकांनी नंतर प्रेक्षकांना बोलावून तो प्रसंग दाखवला होता.

भाग लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारीण काचेमागच्या खोलीत आली. दारातच उभी राहून तिने विचारलं, "तुझ्या कानाला हेडफोन होते. लोक खूप हसले होते ना गं? मला तरी तसं वाटलं होतं."

आणि हशाताई म्हणाल्या, "जे होतं ते लागलंय."

दोन महिन्यांनी शेजारणीने मालिका सोडली. ती म्हणाली, विनोद करणाऱ्याचा कान खरा पाहिजे. माझा कान खोटा आहे, मला नसलेलं ऐकू येतं. तेव्हापासून ती घरी लोकांचे कपडे ढिले-घट्ट करून देते. आणि दर गुरुवारी दुपारी हशाताई तिच्याकडे चहाला जातात, बेचाळीस वर्षं. सुरुवातीला अपराधी वाटून गेल्या, मग सवय म्हणून गेल्या, आणि मग असं झालं की जगात त्यांना दुसरी मैत्रीणच उरली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मूठ त्या दर गुरुवारी तशीच झाकलेली घेऊन जायच्या आणि तशीच परत आणायच्या.

तो दिवसही गुरुवारच होता. शेजारीण दाराशी उजेडाला बसून कुणाच्या तरी विजारीची दुमड उसवत होती. ओठांत चार टाचण्या. शिलाईयंत्रावर वाहिनीचं निमंत्रण पडलेलं.

"शनिवारी जाणारेस?" हशाताईंनी विचारलं.

शेजारणीने टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या. "जाणार. गाडी पाठवतायत. आणि नऊ जणींत माझा नंबर नववा आहे. फोनवर कुणीतरी बोलून गेलं चुकून. मग इतकं सॉरी म्हणाली पोर, मलाच तिची समजूत घालावी लागली."

"नंबर काय, कुणीही काढतं."

"कुणीही नाही गं, यंत्राने मोजलेत. बरं झालं. मधूनमधून मला वाटायचं हो, की नाही, हसले होते लोक त्या दिवशी. म्हातारपणी माणूस मनाचे मांडे खातो. आता यंत्रानेच सांगितलं. यंत्राला काय माझ्याशी वैर आहे?" तिने दोरा दाताने तोडला. "मी जाऊन टाळ्या वाजवून येईन. नववी तर नववी, शेवटून पहिली."

ती हसली. हशाताईंच्या घशाशी वाक्य आलं होतं. त्यांनी त्यावर चहा ओतला आणि तो संपवून त्या घरी आल्या.

आता प्रश्न असा होता की शनिवारी काय होणार. आजवरचं खोटं दोघींमधलं होतं. ते एका दारात बोललं गेलं आणि तिथेच राहिलं. शनिवारी ते आलेखात छापून, रंग देऊन, भरल्या सभागृहात शेजारणीच्या तोंडावर वाचून दाखवणार होते, आणि ते बरोबर असल्याची ग्वाही खुद्द हशाताई देणार होत्या. आणि खरं सांगितलं, तर गुरुवार गेला. अडुसष्टाव्या वर्षी दुसरा गुरुवार कुठून आणायचा?

हशाताई कपाटाशी गेल्या. खालच्या कप्प्यात, हिवाळ्याच्या चादरींखाली, एक चपटा डबा होता आणि त्यावर चिठ्ठी: 'खराब'. चित्रीकरणातली रिळं पुसून पुन्हा वापरायची असा तेव्हा नियम होता. कापाकापी नकलेवर झाली होती; त्या दिवशीचं हे मूळ रीळ त्यांनी खराब म्हणून नोंदवलं आणि घरी आणलं. का आणलं, ते त्यांनी स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी डबा मुलीच्या टेबलावर ठेवला आणि उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. तळघरात जुनं यंत्र होतं, त्यावर रीळ चढवून मुलीने ते ऐकलं आणि मग तिचे डोळे चमकायला लागले.

"ताई, हे आपण उद्या मंचावर करू! आधी आलेख दाखवू, मावशी नवव्या म्हणून जाहीर करू, त्यांचा चेहरा घेऊ आणि मग एकदम हे लावू! लोक रडतील!"

"लोक रडतील," हशाताई म्हणाल्या. "आणि तिचं काय?"

"त्यांना सरप्राइज!"

"तिचा हशा एकदा तिला न विचारता मी दुसरीकडे लावलाय. आता परत तिला न विचारता तुझ्या कार्यक्रमाला लावू? गाडी पाठव आणि तिला आत्ता इथे आण. कॅमेरा नको."

मुलगी थोडी फुगली, पण गाडी पाठवली.

तळघरातल्या त्या खोलीत तीन खुर्च्या होत्या. शेजारीण पिशवी मांडीवर घेऊन मधल्या खुर्चीत बसली. कशासाठी बोलावलंय ते हशाताईंनी सांगितलं नाही. सांगायला लागले तर रीळ लावायचं राहून जाईल, अशी त्यांना भीती होती. त्यांनी बटण दाबलं.

आधी खुर्च्यांची कुरकुर, कुणाचा तरी खोकला. मग लांबून, छताच्या माइकमधून पोचलेला गजर. शेजारणीची मान वर झाली. गजर थांबला, आणि तीस वर्षांच्या एका बाईचा आवाज म्हणाला, कुणीतरी उठायचं राहिलंय वाटतं.

मग तो हशा आला. एवढ्याशा खोलीत मावेना. शेजारीण हलली नाही. तिसाव्या सेकंदाला 'ट्रिंग' झाली तेव्हा मात्र तिचा उजवा हात मांडीवरून उठला आणि वाटी धरल्यासारखा हवेत राहिला. हशा संपेपर्यंत तो तसाच होता.

"पुन्हा लाव," ती म्हणाली.

हशाताईंनी पुन्हा लावलं. ते संपल्यावर शेजारीण बराच वेळ थांबली. थांबणं तिला येतच होतं.

"मी विचारायला आले होते तेव्हा तू मला काय म्हणालीस? शब्द सांग."

"जे होतं ते लागलंय."

"आणि हे कुठे लावलंस?"

"राणीसाहेबांच्या आरशाला."

"का?"

"दिग्दर्शकांनी सांगितलं होतं," हशाताई म्हणाल्या. हे वाक्य बेचाळीस वर्षं तयार होतं, पण बाहेर आल्यावर त्यांना ते फार किरकोळ वाटलं. "नाही. तेवढंच नाही. तेवढं असतं तर तुला तेव्हाच सांगितलं असतं. तो जोड इतका चांगला बसला होता ना, की मला त्याचा अभिमान होता. तू दारात येऊन विचारलंस तेव्हा मला वाईट नाही वाटलं. मला आनंद झाला. तुझ्यासुद्धा लक्षात आलं नाही म्हणून. वाईट नंतर वाटलं. तू सोडून गेल्यावर."

मुलगी जमिनीकडे बघत होती. शेजारीण उठली, पिशवी खांद्याला लावली.

"बेचाळीस वर्षं मी माझ्या कानाला नावं ठेवली," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "दुकानात कुणी हसलं तरी मला वाटायचं, हसले का खरंच? नातू हसला तरी वाटायचं. आणि दर गुरुवारी तू समोर बसून चहा पीत होतीस."

शेजारीण मुलीकडे वळली. "उद्या किती वाजता यायचं?"

"तीन वाजता, मावशी. पण तो आलेख मी आता..."

"येते," शेजारीण म्हणाली आणि हशाताईंकडे न बघता जिना चढून गेली.

शनिवारी हशाताई न जाण्याच्याच विचारात होत्या. मग त्यांना वाटलं, घरी बसून तोंड लपवण्यात तरी काय मोठेपणा आहे. त्या जाऊन शेवटच्या रांगेत बसल्या. तेच सभागृह, त्याच एकशेवीस खुर्च्या, फक्त कापड नवं. मुलीने आलेख फाडून टाकला होता. त्याऐवजी तिने नऊ जणींचे प्रसंग हशा धुऊन काढून, कोरेच, समोरच्या लोकांना दाखवायचं ठरवलं होतं. ज्याला हसू येईल त्याने हसावं. हसतील त्यांचे दात दिसतील. हशाताईंनी मनात म्हटलं, पोर कामाची आहे.

मांडीवर बोट आपोआप आलं. धडपडीला नऊ सेकंद. मुख्याध्यापिकेला सहा, पण लोकांना अजून हसायचं होतं आणि तिने हसू दिलं नाही; बेचाळीस वर्षांनीही सवय तीच. राणीसाहेबांचा आरसा लागला. ताप आलेली, रिकाम्या खुर्च्यांकडे बघून भुवई उचलणारी बाई. लोक हसले, चांगले हसले. अकरा सेकंद, स्वच्छ, तिचे स्वतःचे. हशाताईंना आधी आश्चर्य वाटलं आणि मग स्वतःचा राग आला. हिला उसना द्यायची गरजच नव्हती. हिचेही अकरा त्यांनी त्या एक्केचाळिसांखाली पुरून टाकले होते.

शेवटी निवेदकाने शेजारणीला मंचावर बोलावलं. तिचा प्रसंग दाखवलाच नाही. मागाहून कळलं की तिनेच नको म्हणून सांगितलं होतं. साधी साडी, खांद्याला तीच पिशवी. निवेदक गोड आवाजात म्हणाला, "मावशी, इतकी वर्षं होतात कुठे तुम्ही?"

आणि गजर वाजला.

शेजारणीने ऐकलं. मग छताकडे बघितलं. मग निवेदकाच्या खिशाकडे बघितलं आणि जरा नाराज झाली. निवेदकाचा हात घाईघाईने मोबाइलकडे गेला. ते बघून पहिल्या रांगेतले सगळे आपापले खिसे चाचपायला लागले, मग दुसऱ्या रांगेतले. वाहिनीचे मुख्य अधिकारी तर दोन्ही खिशांत हात घालून उभेच राहिले. शेजारीण प्रत्येकाकडे बघत होती, दोष न देता, पण लक्षात ठेवून. गजर वाजून वाजून थांबला. ती तरीही थांबलीच. इतकी थांबली की हशाताईंना शेवटच्या रांगेत श्वास घेववेना.

"कुणीतरी उठायचं राहिलंय वाटतं," ती उभ्या राहिलेल्या अधिकाऱ्यांना म्हणाली. "तुम्ही बसा."

सभागृह कोसळलं. आणि ते जरा ओसरतंय तोच पिशवीतून आवाज आला, 'ट्रिंग'.

कार्यक्रम संपल्यावर हशाताई पडद्यामागच्या खोलीपर्यंत गेल्या, पण आत गेल्या नाहीत. आत शेजारीण एका खुर्चीत बसून घड्याळाची किल्ली सोडवत होती. पिशवी शेजारच्या खुर्चीवर ठेवलेली. तेवढ्यात निर्माती मुलगी हातात कागद घेऊन धावत आली.

"मावशी, मी मोजलंय! सांगू किती..."

शेजारणीने हात वर करून तिला थांबवलं. "तू नको. तिला विचारते."

तिने दाराकडे पाहिलं. शुक्रवारपासून पहिल्यांदाच.

"किती झाले?"

हशाताईंनी तोंड उघडलं. मांडीवर बोट कुठे होतं ते आठवून बघितलं. आठवेना. गजर आठवत होता, अधिकाऱ्यांचे खिसे आठवत होते, शेजारच्या अनोळखी बाईच्या खांद्यावर आपण डोकं टेकलं होतं तेही आठवत होतं. चष्म्याच्या काचा अजून ओल्या होत्या.

"मोजले नाहीत," त्या म्हणाल्या. "मी हसत होते."

शेजारीण त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने बाजूच्या खुर्चीवरची पिशवी उचलली आणि आपल्या मांडीवर घेतली.